कोपरा फाडणारा निंबा

निंबा पोस्टमनला सरकारनं नोकरीवरून काढलं तेव्हा नशिराबादेत कुणी हूं की चूं केलं नाही. ज्यांची पत्रं त्यानं सतरा वर्षं दारात उभं राहून वाचून दाखवली, ती सगळी मंडळी त्या दिवशी आपापल्या ओट्यावर बसून कापसाच्या भावाच्या गप्पा मारत होती. मीही त्यातलाच. पण माझं नंतर सांगतो. आधी गावाला चार नावं ठेवू द्या, ती माझी जुनी सवय आहे आणि आता या वयात सुटायची नाही.

मी नशिराबादच्या शाळेचा मास्तर. त्या काळी गावच्या पोस्टाचं लोढणं मास्तरच्याच गळ्यात असे. शाळेच्या ओसरीत एक टेबल, एक शिक्का, शाईची गादी आणि कुलपाची लाकडी पेटी, झालं पोस्ट. जळगावहून थैली यायची, मी शिक्के मारायचो आणि निंबा ती पत्रं घेऊन गावात निघायचा. गावात वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातल्या निम्म्यांना आपल्याला वाचता येतं असा नुसता भ्रम होता. त्यामुळे पत्र वाटायचं म्हणजे वाचूनही दाखवायचं, असा रिवाजच पडला होता.

निंबा मूळचा धुळ्याकडचा. आमच्या गावची बोली निराळी, त्याची निराळी. तो 'आहे'ला 'शे' म्हणाला, 'सगळं'ला 'बठ्ठं' म्हणाला, की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्याला त्याचं काही नव्हतं. सतरा वर्षं थैली वाहून त्याचा उजवा खांदा खाली कलला होता आणि चालताना तो कायम कुठल्या तरी अरुंद बोळातून जात असल्यासारखा दिसायचा. वाचायचा मात्र अगदी एका सुरात. 'मुलगा झाला' आणि 'म्हातारा गेला' ही दोन्ही वाक्यं त्याच्या तोंडून सारखीच बाहेर पडत. एकदा मी त्याला म्हटलं, अरे, आनंदाचं पत्र तरी जरा हसून वाच की. तर म्हणाला, "पत्र त्यासनं शे, मास्तर. मी मधमा कसाले येऊ?"

त्यांचं पत्र, आपण मध्ये यायचं कारण नाही, एवढंच त्याचं म्हणणं. मला तेव्हा ते बावळटपणाचं वाटलं. मला बहुतेक माणसं बावळटच वाटायची.

दिवाळी होऊन आठेक दिवस झाले असतील. साल चौतीस. त्या दिवशी थैलीत पहिलं कार्ड आलं, बन्सीलाल किराणेवाल्याच्या नावाचं. त्यात लिहिलं होतं की मुंबईच्या पंचदीप काडेपेटी कंपनीचे मालक मोठे दानशूर आहेत. जो कोणी पंचदीप छापाच्या एक लाख रिकाम्या पेट्या जमवून कंपनीस पाठवील, त्याच्या गावातल्या एका आंधळ्या मुलाला कंपनी मुंबईस नेऊन स्वखर्चानं डोळे देईल. हे पत्र मिळताच नऊ दिवसांत नऊ जणांस लिहावं. येवल्याच्या एका बाईनं टाळाटाळ केली, तिचा बैल तिसऱ्या दिवशी मेला. एका गृहस्थानं लिहिलं, त्याला घरात पुरलेला हंडा सापडला.

आता तुम्हीच सांगा. काडेपेटी विकणाऱ्याला रिकामी पेटी घेऊन काय करायचंय? आणि मुंबईतल्या कंपनीला येवल्याच्या बाईचा बैल मेल्याचं कोण कळवणार? एवढा साधा प्रश्न गावात एकाही शहाण्याला पडू नये? पडला नाही. नऊ दिवसांत बन्सीलालची नऊ कार्डं गेली, त्या नवांनी प्रत्येकी नऊ लिहिली, आणि महिनाभरात त्याच मजकुराची कार्डं भुसावळहून, जामनेरहून, पिंप्राळ्याहून आमच्याच गावात परत येऊ लागली. एकाच घरात चार-चार आली. प्रत्येकाला वाटे, चार ठिकाणांहून कळलं म्हणजे खरंच असणार. चारही ठिकाणी आपणच कळवलं होतं, हे कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

बन्सीलालनं आपली सरकी ठेवायची खोली रिकामी केली आणि तिथं पेट्या जमू लागल्या. त्यानं पुढाकार घेतला तो धंद्यासाठी, असं मला आधी वाटलं, कारण पंचदीप छापाच्या पेट्या गावात त्याच्याच दुकानी मिळत. पण तसं नव्हतं. बन्सीलाल मनापासून भला माणूस होता. तो लबाड असता तर परवडला असता, लबाडाचं पोट भरलं की तो थांबतो तरी.

आणि गावाची अक्कल पाहा. आमच्याकडे तोवर घरात काडेपेटी असली तरी ती देव्हाऱ्याशी ठेवलेली, सणासुदीला उघडायची. रोज सकाळी शेजारणीकडे जायचं, गोवरीच्या तुकड्यावर विस्तव मागून आणायचा आणि चूल पेटवायची, हीच रीत. एक पेटी तीन-तीन महिने पुरायची. मग रिकाम्या पेट्या येणार कुठून? तर आमच्या बायांनी भरलेल्या पेट्या विकत आणल्या, काड्या गाडग्यात ओतल्या आणि रिकामी पेटी बन्सीलालकडे पोचवली. घरोघर काड्यांनी भरलेली गाडगी, आणि काडी ओढायची कशावर? पेटी तर दान झालेली! म्हणून पुन्हा शेजारणीकडे विस्तव मागायला. मी हे शाळेच्या ओसरीतून पाहत होतो आणि आतल्या आत खदखदत होतो.

हे सगळं चाललं होतं ते एका पोरीसाठी. सितारा तिचं नाव, वय सात. अमीन पिंजाऱ्याची मुलगी. अमीन दारोदार धनुकली घेऊन फिरायचा, लोकांच्या गाद्या-रजया पिंजून द्यायचा. आदल्या उन्हाळ्यात सिताराचे डोळे आले आणि बरे झालेच नाहीत. डाव्या डोळ्यात फूल पडून तो पांढरा झाला. उजव्याच्या बुबुळावर एका कडेनं पांढरं चढायला लागलं होतं. पोर उजेडाकडे पाठ करून बसायची. आई रईसा तिच्या डोळ्यावर रोज नवं काहीतरी बांधायची, कधी दुधाची साय, कधी मेंदीचा पाला. जो येईल तो काहीतरी सांगून जायचा.

त्याच सुमाराला धुळ्याच्या सरकारी दवाखान्याचा छापील कागद माझ्या पोस्टात भिंतीवर लावायला आला. डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मुंबईचा एक डोळ्यांचा डॉक्टर तिथं बसणार होता. तपासणी, औषध, फुकट. मी तो कागद भिंतीवर डकवला आणि विसरलो. निंबानं वाचला. थैली खांद्याला लावून तो सरळ पिंजारवाड्यात गेला आणि अमीनला म्हणाला की हे काडेपेट्यांचं खोटं आहे, पोरीला धुळ्याला ने, आगगाडीनं चाळीसगावला उतर, तिथून धुळ्याची गाडी मिळते. धुळ्यात माझ्या बहिणीचं घर आहे, तिथं राहा.

अमीन बन्सीलालला विचारायला गेला. बन्सीलाल म्हणाला, सरकारी दवाखान्यात नवशिके डॉक्टर पोरांवर हात बसवून घेतात, आपल्याला मुंबईची कंपनी मिळतेय. अकरा हजार पेट्या जमल्याही. गावातल्या प्रत्येक घरानं सितारासाठी पेटी दिली होती. भादली स्टेशनापर्यंत बैलगाडीत जागा मात्र एकानं दिली नाही. पेटी देऊन सगळ्यांचं पुण्य पदरात पडलं होतं, मग बैल कशाला जुंपायचे?

निंबा माझ्याकडे आला. म्हणाला, कंपनीलाच विचारा. मी इंग्रजीत पत्र लिहिलं, मोठ्या झोकात लिहिलं. तीन आठवड्यांनी टंकलेलं उत्तर आलं. कंपनीनं कळवलं होतं की दोन वर्षांपूर्वी आम्ही एका अंधशाळेला पन्नास चादरी दिल्या, याखेरीज आमचा डोळ्यांशी काही संबंध नाही. रिकाम्या पेट्यांची कोणतीही योजना नाही, कधी नव्हती. कृपा करून लोकांना सांगा, आमच्याकडे भाडं न भरलेली पोती येऊन पडली आहेत आणि ती जाळावी लागत आहेत. पन्नास चादरींपासून वाटेत कुठं कुठं काय काय चिकटत आपल्या गावापर्यंत एक लाख पेट्या झाल्या असतील, ते देवच जाणे.

मी ते पत्र मारुतीच्या पारावर मराठी करून वाचलं. आवाज चढवून वाचलं, कारण मला मजा येत होती. वाटलं, आता कशी जिरली. मग बन्सीलाल हात जोडून हसत म्हणाला की मास्तर, हे गुप्तदान आहे, गुप्तदान करणारा कधी कबूल करतो का? लगेच माना डोलल्या. पाराशी उभी असलेली सुनंदाबाई तर म्हणाली, नाही म्हणाले म्हणजे नक्कीच देणार. मी पत्राची घडी केली आणि ठरवलं की या गाढवांशी पुन्हा बोलायचं नाही. मरेनात का.

निंबानं मात्र नाद सोडला नाही. तो रोज पत्रं वाटून परतताना अमीनच्या दारात थांबायचा. भांडायचा नाही, समजवायचा नाही, फक्त धुळ्याचा डॉक्टर आणखी किती दिवस आहे ते सांगायचा. आज चाळीस, आज एकोणचाळीस, आज अडतीस. शेवटी रईसाच कंटाळली. उजव्या डोळ्यातलं पांढरं तिला रोज दिसत होतं, पेट्यांची खोली काही तिच्या घरात नव्हती. तिनं नवऱ्याला निक्षून सांगितलं. गाठोडं बांधलं, पोरीला नवी ओढणी घेतली, शुक्रवारी नमाजानंतर निघायचं ठरलं. निंबानं बहिणीला कार्डही टाकलं.

गुरुवारी जामनेरहून अमीनच्या नावानं कार्ड आलं. रईसाचा भाऊ नजीर जामनेरला बांगड्यांचं दुकान चालवायचा, त्याचं. तेच ते, काडेपेट्यांचं. निंबानं दारात उभं राहून वाचायला सुरुवात केली, त्याच्या त्या एका सुरात. पेट्या, डोळे, नऊ दिवस, येवल्याची बाई. आणि मध्येच एक वाक्य असं आलं, जे आधीच्या एकाही कार्डात नव्हतं. 'ज्या मुलाच्या डोळ्यांस अन्य कोणत्याही डॉक्टराचा हात लागला असेल, त्याचा विचार कंपनी करणार नाही.'

वाचून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय वाचलं. तोवर रईसानं गाठोडं आत नेलं होतं. निंबा म्हणाला, हे खोटं आहे. रईसानं विचारलं, तूच वाचलंस ना आत्ता? एवढी वर्षं त्यानं जे वाचलं ते खरं निघालं होतं, माणसं मेली होती, मुलं झाली होती, नोकऱ्या लागल्या होत्या. आता हे एकच वाक्य खोटं, हे त्या बाईनं कसं मानावं?

त्यानंतरचे सतरा दिवस अमीन धुळ्याचं नाव काढू देईना.

निंबा वेड्यासारखा झाला. आमच्याकडे आलेली पत्रं टाकून देत नाहीत, आढ्याला टांगलेल्या तारेच्या आकड्यात खुपसून ठेवतात. घराघरातल्या तारा उतरवून त्यानं काडेपेट्यांची सगळी कार्डं तपासली. कुठल्या कार्डात ते डॉक्टरचं वाक्य आहे आणि कुठल्यात नाही, एवढंच तो पाहत होता. गावातल्या एकाही तारेवर ते सापडलं नाही. मग सतराव्या दिवशी, रविवारची सुट्टी पाहून तो जामनेरला गेला, नजीरच्या दुकानात, आणि त्यानं ज्यावरून नक्कल केली ते मूळ कार्ड मागून आणलं. नजीर भोळा माणूस. नऊ पत्ते पुरे करता करता त्याचे दोन महिने गेले, तरी आठच ओळखीचे निघाले, म्हणून नववं त्यानं बहिणीच्याच घरी पाठवलं होतं.

सोमवारी सकाळी निंबानं ते कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. वर नशिराबादचा शिक्का, माझ्याच हातचा. खाली मजकूर. वळणदार, गोल, प्रत्येक काना सरळ. या अक्षराचं जळगावच्या शाळा तपासनिसानं दोनदा कौतुक केलं होतं.

निंबा म्हणाला, "हाई अक्षर कोनं शे, मास्तर?"

आता माझं सांगतो.

कार्तिकात एक दिवस माझ्या ओसरीत कार्डं लिहून घ्यायला रांग लागली होती. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं मीच लिहायचो. त्या दिवशी मी तोच मूर्ख मजकूर साठ वेळा लिहिला. हात भरून आला, डोकं फिरलं. रांगेत शेवटी रईसा उभी होती. तिला माहेरच्या नऊ जणांना कार्डं हवी होती, त्यांनीही पोरीसाठी पेट्या जमवाव्यात म्हणून. मला वाटलं, काय ही माणसं, यांच्या समोर काहीही लिहिलं तरी यांना कळणार नाही. बघू तरी, कुणाच्या लक्षात येतं का. म्हणून मी त्या नऊ कार्डांत ते वाक्य घातलं. डोळे बरे करणारी कंपनी आणि डॉक्टरचा हात लागलेला चालत नाही, असा तो विनोद होता. मला वाटलं, एखादा तरी शहाणा वाचून हसेल. त्या संध्याकाळी मी एकटाच हसलो आणि दुसऱ्या दिवशी विसरूनही गेलो. निंबानंही ती नऊ कार्डं पाहिली नव्हती, कारण जाणारी थैली मी स्वतः बांधत असे.

मी निंबाला काय सांगणार? मी म्हटलं, गंमत केली रे. तो थैली घेऊन निघून गेला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी संध्याकाळी हिंमत करून अमीनच्या दारापर्यंत गेलो, ते वाक्य मी लिहिलं असं सांगायला. रईसानं बाज टाकली, चहा ठेवला, म्हणाली, मास्तर, तुमच्या हातची नऊ पत्रं गेली म्हणून माझ्या माहेरून दोन हजार पेट्या आल्या. मी चहा प्यालो आणि परत आलो. एवढा भेकड माणूस आहे मी.

मंगळवारच्या थैलीत काडेपेट्यांची चौदा कार्डं होती. शिक्के मारून मी ती निंबाकडे दिली. तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि त्यानं एकेका कार्डाचा कोपरा फाडायला सुरुवात केली. मी पाहत होतो. त्यालाही माहीत होतं की मी पाहतोय.

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे काय, ते आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं. कुणीतरी गेलं. असं कार्ड घरात ठेवत नाहीत. ऐकायचं, तिथंच फाडून टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. त्याची नक्कल करायची तर गोष्टच सोडा. आणि टपालातलं पत्र फाडणं हा सरकारचा गुन्हा. सतरा वर्षं जो कुणाच्या पत्राच्या मध्ये आला नाही, तो त्या दिवशी मध्ये आला. थांबवायला पोस्टमास्तर म्हणून मी होतोच तिथं. मी शाईची गादी पुसत बसलो.

त्या आठवड्यात आमच्या गावानं जेवढ्या अंघोळी केल्या तेवढ्या वर्षात करत नसेल. फाटका कोपरा दिसला की दारात रडारड. निंबा सांगायचा, कुणी गेलं नाही, काडेपेट्यांचंच आहे, वाचू का? नको नको, म्हणत बाया कार्ड हिसकावून फाडायच्या. तारेवरची जुनी कार्डंही ओढून चुलीत गेली. पत्र लिहिलं नाही तर बैल मरतो, या भीतीनं जे गाव लिहीत सुटलं होतं, त्याला आता लिहिलं तर माणूस मरेल असं वाटू लागलं. कंपनीचं उत्तर वाचून जे झालं नाही ते नखभर कागद फाडल्यानं झालं. यांना समजावण्यासाठी मी कंपनीच्या उत्तराची तीन आठवडे वाट पाहिली होती, याची मला आजही लाज वाटते.

आठ दिवसांत पेट्यांना कुणी हात लावेना. बन्सीलालच्या आईनं ती अवदसा घरातून काढ म्हणून त्याच्यामागे धोशा लावला. शेवटी त्यानं खोलीतल्या पेट्या गाडीत भरून गावाबाहेर होळीच्या जागी ओतल्या. वीस हजारांवर असतील. रईसा दारात उभी राहून ती गाडी जाताना पाहत होती. त्या संध्याकाळी अमीन स्वतः निंबाकडे आला आणि त्यानं विचारलं, डॉक्टर अजून आहे का? निंबा म्हणाला, चार दिवस आहे.

निंबा रजा घेऊन त्यांच्याबरोबर गेला. मी रजा मंजूर केली. तेवढंच माझ्या हातून झालं.

डॉक्टरनं पोरीला ठेवून घेतलं. उजवा डोळा वाचला, पण अर्धा. बुबुळाच्या मधोमध डाग राहिला. तो निंबाला म्हणाला होता की तीन आठवडे आधी आणलं असतं तर हा डागसुद्धा पडला नसता. आता तिला माणूस ओळखू येईल, रस्ता दिसेल, चूल दिसेल. बारीक काही दिसायचं नाही. अक्षर दिसायचं नाही.

सतरा दिवस आणि वर ते फाटक्या कोपऱ्यांचे आठ. हिशेब करायला मला पाटी लागली नाही.

निंबा परत आला तेव्हा जळगावहून पोस्टाचे इन्स्पेक्टर येऊन बसले होते. बन्सीलालनं अर्ज केला होता. त्याच्या आईनं फाटका कोपरा पाहून भुसावळच्या मुलासाठी ऊर बडवून घेतला होता आणि दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. तक्रार खरीच होती. इन्स्पेक्टरनं आधी मला विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं का? मी म्हटलं, नाही साहेब. निंबा तिथंच उभा होता, टोपी हातात धरून.

मग त्याला विचारलं. तो म्हणाला, "कोपरा मीच फाडा, साहेब."

का फाडलास, असं इन्स्पेक्टरनं तीनदा विचारलं. माझ्या टेबलाच्या खणात नजीरकडचं ते कार्ड होतं, निंबानं आणलेलं. ते काढून दाखवलं असतं तर साहेबांना सगळं एका नजरेत कळलं असतं. निंबानं एकदा त्या खणाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं आता बोलणार. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला फक्त माझ्या नोकरीची काळजी होती, पोरीच्या डोळ्याची नव्हती. तो म्हणाला, माझी चूक आहे, सजा द्या. त्यानं पट्टा आणि थैली टेबलावर ठेवली आणि घरी गेला.

त्यानंतर तो जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे वाहायला लागला. आता डावा खांदाही कलला. गावानं त्याचं नाव कोपरफाड्या ठेवलं, पोरं त्याच्या मागे ओरडत जायची. मी गावाला मूर्ख म्हणतो ते उगाच नाही. पण ते कार्ड अजून माझ्या खणात आहे आणि मी अजून पोस्टमास्तर आहे.

रईसा अजूनही माझ्याकडेच पत्रं लिहून घ्यायला येते. तिला कधी कुणी काही सांगितलं नाही. सिताराला हाताला धरून आणते. सितारा आता मोठी झाली आहे, एकोणीस-वीस वर्षांची. शाळेच्या दारात उभी राहून पोरांचं पाढे म्हणणं ऐकत असते. तिला मी शाळेत घेतलं नाही. फळ्यावर काय लिहिलंय ते तिला दिसणार नव्हतं.

परवा अशीच दोघी आल्या. नजीरला कळवायचं होतं, सिताराचं लग्न ठरलं म्हणून. निंबा जिनिंगमधून परत चालला होता, तो पायरीवर टेकला. रईसा आली की तो हटकून येऊन बसतो, एकही वेळ चुकवत नाही. रईसानं सांगितलं, मी लिहिलं, शाई टिपली आणि कार्ड बाजूला ठेवलं.

निंबा उठून टेबलाशी आला. रईसाला वाटतं, त्याला जुन्या नोकरीची आठवण येते म्हणून तो असं करतो.

"तिनी सांगं तितलंच लिखं ना, मास्तर?" त्यानं विचारलं. "वाची दखाडा."

मी चष्मा लावला आणि पहिल्या अक्षरापासून वाचून दाखवलं.